हँडल कुठच्या हाताला

थंडी पडली की आमच्याकडे दोन गोष्टी होतात. कलमांना मोहोर येतो आणि दादाची छाती भरते. यंदा दोन्ही एकाच आठवड्यात झालं. सकाळी मागचं दार उघडलं तर अंगणभर तो वास, गूळ पाण्यात ढवळून उघडा ठेवावा तसा, गोड आणि किंचित आंबूस. आणि आत माजघरात खाटेवर दादाची घरघर. शेजारच्या आगरात फवारणीचा पंप सुरू झाला की मला पटकन कळतच नाही, घरघर पंपाची की दादाची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझं सासर ह्याच गावात, दोन आगरं सोडून, त्यामुळे लग्न झालं तरी मी माहेरातून कधी सुटले नाही. वहिनी गेली, मग माझे हे गेले, आणि दादा खाटेला लागल्यावर मीच इकडे येऊन राहिले. रत्नागिरीहून डॉक्टर येतो, नळी लावून छाती ऐकतो, आणि पडवीत येऊन हळूच मला म्हणतो, "आजी, ह्या मोहोराचे आंबे काही ते खात नाहीत." आतून दादा ओरडतो, "काय सांगतोय तो शिंचा? मला ऐकू येतंय!" कान त्याचे शाबूत आहेत. तोंडही.

मोहोर म्हटला की लोकांना आंबे आठवतात. मला गेल्या वर्षापासून बर्फ आठवतो. आता मी बर्फ पाहिलाय तो हर्णेला, लिलावाच्या वेळी मासळीच्या पेटीत फावड्याने ओढतात तो. राखाडी, मासळीच्या वासाचा, पायांखाली करकरणारा. त्याच्याखाली माणूस गाडला जातो हे मला गेल्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं अवधूतमुळे. अवधूत हा दादाचा एकुलता मुलगा. आयटीआय करून आखातात गेला, तिथे डिझेलची इंजिनं उघडली-मिटली, आणि पुढे कुणाच्या तरी ओळखीने कॅनडात पोचला, डोंगरातल्या एका लहानशा गावी. तिथे म्हणे हिवाळ्यात लोक बर्फावरच्या स्कुटरी घेऊन डोंगर चढतात. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. ह्या स्कुटरी वर कुठेतरी बंद पडतात, आणि मग अवधूत दुसऱ्या स्कुटरीवर बसून, हत्यारं घेऊन, त्या दुरुस्त करायला वर जातो.

"चढतात कशाला पण?" दादाने फोनवर विचारलं होतं. अवधूतच्या संध्याकाळी आमची न्याहारीची वेळ असते, तेव्हा फोन यायचा, फोटो हलतोय असा.

"मौज म्हणून, बाबा."

"मौज म्हणून चढतात, न् बंद पडले की तुला बोलावतात. म्हणजे तू त्यांचा गडी."

अवधूत हसला. तो असाच हसतो, लहानपणापासून, कुणी थप्पड मारायला हात उचलला की आधीच हसून घेतो.

तर गेल्या वर्षी, असाच मोहोर फुटत होता, मी पडवीत बसून कुळीथ निवडत होते, आणि अवधूतचा फोन आला. म्हणाला, "आत्ये, एक सॅक घ्यायचीय. तुझ्याशी बोलायचंय." मला वाटलं गावी यायचा विचार दिसतो, सामानासाठी सॅक. म्हटलं, मोठी घे, जाताना काजू देते. तर म्हणतो, "सामानाची नाही गो. मरायची वेळ आली की फुगते ती."

मग त्याने समजावून सांगितलं. आमच्याकडे पावसात दरड येते ना घाटात, लाल माती, दगड, झाडं, सगळं घेऊन खाली. तशी तिथे बर्फाची दरड येते. ही सॅक पाठीवर असते. दरड सुटली की खांद्याच्या पट्ट्यावरचं हँडल खस्सकन ओढायचं. मानेमागून भला मोठा फुगा बाहेर येतो आणि माणूस वर राहतो.

"तरंगतो?"

"तरंगत नाही. तू चिवड्याचा डबा हलवतेस, तेव्हा शेंगदाणे कुठे असतात?"

"वर."

"आणि चुरा?"

"तळाला."

"तसंच. हलणाऱ्या वस्तूत मोठं असतं ते वर येतं. फुग्यामुळे माणूस मोठा होतो."

"म्हणजे तुला शेंगदाणा व्हायचंय," मी म्हटलं. तो खूप हसला. मीही हसले. पण कुळथातले खडे त्यानंतर मला दिसेनात, नुसतीच बोटं फिरवत बसले.

मी तेव्हा रोज सकाळी न्याहारीला दादाकडे यायचे, आणि पुढचे बरेच दिवस आमच्या न्याहारीला सॅकच होती. दादाला तर नवीन खेळणं मिळालं. तो तेव्हा हिंडता-फिरता होता, कानटोपी घालून आरामखुर्चीत बसायचा आणि फोन नाकाला लावायचा. अवधूत दुकानातून दाखवायचा. एका सॅकेत दाबलेल्या हवेचं नळकांडं. ओढलं की एकदाच फुगणार, मग नळकांडं भरून आणायला लांब शहरात जायचं. दुसरीत बॅटरीचा पंखा. फुगवा, मिटा, परत फुगवा. एक मोठी, एक लहान. मोठीत सामान पुष्कळ बसतं, पण स्कुटरीवर बसलं की ती मागे आपटत राहते. अवधूतचा कल लहानीकडे, पंख्यावालीकडे. कारण काय, तर तिच्यावर रोज सराव करता येतो.

"सराव कसला करायचा?" दादा म्हणाला. "हँडल ओढायला सराव लागतो? संडासातली साखळी ओढतोस ना?"

"भीती वाटली की हात चालत नाही, बाबा. दुकानातली बाई म्हणते, हँडल हातात असून न ओढता मेलेली माणसं सापडतात."

"बाई विकते?"

"हो."

"मग ती घाबरवणारच."

आणखी एक पट्टा होता, मांड्यांमधून घालायचा. तो लावला नाही तर दरड सॅक घेऊन जाते आणि माणूस तिथेच ठेवते. लोक म्हणे आळस करतात, लावत नाहीत. दादा म्हणाला, "लंगोट लावायचा आळस आला की माणूस गेलाच समज." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. सांगायचं काय, मजा चालली होती. माणूस मरण्याच्या गोष्टी आम्ही पोहे खात ऐकत होतो आणि सॅक लाल बरी की नारिंगी ह्यावर भांडत होतो.

अडलं ते हँडलपाशी.

हँडल डाव्या हाताने ओढायचं की उजव्या, हे आधी ठरवून त्या बाजूला बसवून घ्यावं लागतं. त्या स्कुटरीची गती उजव्या अंगठ्यात असते. दरड मागे लागली तर उजवा हात गती सोडत नाही, पळत सुटायचं असतं. म्हणून दुकानातल्या बाईचं म्हणणं, हँडल डाव्या हाताला ठेव. पण तीच पुढे म्हणाली, हे सगळं खरं असलं तरी ज्याचा जो हात न विचारता उठतो तोच हात खरा. आणि तिने अवधूतला दुकानाच्या मधोमध उभं केलं, पाठीवर सॅक चढवली, दोन्ही बाजूंना दोन हँडलं लावली आणि डोळे मिटायला सांगितले. "मी टाळी वाजवली की ओढ. विचार करू नकोस."

तिने टाळी वाजवली.

"आत्ये," अवधूत मला म्हणाला, "माझे दोन्ही हात उठले. आणि दोन्ही अर्ध्यात थांबले. हे असे, छातीपाशी. एकमेकांची वाट बघत. बाई हसायला लागली, म्हणाली असं कधी बघितलं नाही. तीनदा वाजवली तिने टाळी. तिन्ही वेळा तेच. चौथ्या वेळी ती हसली नाही."

दादा तेव्हा न्हाणीत होता, बंबातलं पाणी अंगावर घेताना श्लोक म्हणत होता.

"बाबांना विचारणार नाही मी. तू सांग," अवधूत म्हणाला. "माझा डावा हात किती डावा होता?"

आता हा प्रश्न असा आहे, की जगात कुठल्या मुलाला आत्याला विचारावा लागला असेल मला ठाऊक नाही. किती डावा होता! मी सांगितलं. पाळण्यात होतास तेव्हा डाव्या हाताने माझी बांगडी धरायचास आणि सोडवली की रडायचास. चालायला लागलास तेव्हा पाय उजवा पुढे टाकलास, पण भिंतीला हात डावा. कोंबडीच्या मागे धावायचास आणि धरायचास ती डाव्याने. खडा फेकून चिंच पाडायचास, नेम असा, की तुझ्या आईला भीती वाटायची. सगळा डावा होतास तू, अवधू. नखशिखान्त.

"मग?"

"मग काय. तुला माहीत आहे मग काय."

तीही थंडीच होती. अवधूत पाच वर्षांचा असेल. त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली होती, कातळावरचं गवत सकाळी पांढरं दिसायचं दवाने, आणि दादा खूश होता. कलमांना थंडी हवी असते. दादाचं त्यातलं ज्ञान मोठं. तो सांगायचा, झाड सुखात असलं की नुसती पानं काढतं. पाणी तोडा, थंडी लागू द्या, मुळांना जरा जीव घाबरा होऊ द्या, मग ते मोहोर काढतं. ह्याला आंबेवाले ताण देणं म्हणतात. दादा ताणाचा मोठा भक्त. त्याच्या बागेतल्या झाडांना तो देत होता, आणि त्या वर्षी घरातल्याला द्यायला घेतला.

झालं असं, की देवळातून कुणी पाहुणे आले होते, आणि अवधूतने त्यांच्यापुढे प्रसादाची वाटी धरली. डाव्या हाताने. पाहुणे हसले नुसते, "डावखुरं वाटतं पोरगं." दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने जुन्या पंच्याची पट्टी फाडली, अवधूतचा डावा हात पाठीमागे वळवला आणि कमरेच्या करगोट्याला बांधला.

दुपारी मी ताक न्यायला गेले तर अवधूत पाटावर बसलेला. उजव्या हाताने आमटीभात कालवत होता. कालवत कसला, ढकलत होता. शितं जमिनीवर सांडत होती. दादा समोर जेवत होता, शांतपणे, एक घास, मग पाणी, मग एक घास. म्हणाला, "जे सांडलं ते उचलून खायचं. शेणाची जमीन आहे, विष नाही." पोराने उचललं. आणि वहिनी वाढत होती, खाली मान घालून. तिच्या हातातली पळी भांड्यावर वाजत होती, एवढाच काय तो तिचा आवाज.

"दादा, अरे लहान आहे," मी म्हटलं.

"कुंदे, तुझ्या पोरांना तू वळण लाव. माझ्याला मी लावतो."

वळण. आमच्याकडे ह्या शब्दाला फार मान. नदीला असतं ते वळण आपोआप येतं, पण माणसाला लावायचं म्हटलं की कुठेतरी काहीतरी मोडावं लागतं, आणि मोडल्याचा आवाज आला की म्हातारी माणसं समाधानाने मान हलवतात. शाळेतले मास्तर घरी येऊन दादाची पाठ थोपटून गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं केलंत, उद्या पूजेला बसेल, मुंजीत भिक्षा घेईल, सगळीकडे शोभा नको." गल्लीतली पोरं तर काय, त्यांना मेवाच मिळाला. अवधूत आला की एकेक जण आपला हात पाठीमागे धरून चालायचा. रांगच्या रांग. "थोट्या आला, थोट्या आला." आणि अवधूत? हसायचा. तेव्हापासून हसतो तो.

एकदा पाणंदीत धावताना पाय अडखळला. जांभ्याच्या पायऱ्या आमच्याकडच्या, कडा सुरीसारख्या. पडताना माणूस हात टाकतो पुढे. त्याने टाकला असणार. पण जो टाकायचा होता तो बांधलेला होता. हनुवटी फुटली. पुढचा दात पायरीवरच राहिला. मीच उचलून आणला त्याला, माझ्या पोलक्याची बाही रक्ताने चिकट झाली. दादा हनुवटीला हळद दाबत म्हणाला, "उजवा मोकळा होता ना? मग?"

वहिनी आंघोळ घालताना ती पट्टी सोडायची. बंबाखालचा धूर, बाहेर तोच मोहोराचा वास, आणि मनगटावर एक लाल वळ. त्यावर ती ऊन पाणी ओतायची, परत परत, तांब्या रिकामा होईपर्यंत. अंग पुसून झालं की पुन्हा बांधायची, दादा बघायच्या आत. पण मी सांगते ते हे नाही. मला आठवतं ते पुढचं. थंडी सरत आली होती, मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसायला लागल्या होत्या, आणि एका सकाळी मी अंगणात उभी असताना अवधूत घरातून बाहेर आला. हातात ती पट्टी होती. वडिलांपुढे जाऊन त्याने ती धरली आणि स्वतःच पाठ वळवून, हात मागे घेऊन उभा राहिला.

दादाने माझ्याकडे बघितलं. "बघितलंस?" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, माया होती.

हे सगळं अवधूतला मी फोनवर सांगितलं नाही. त्याला आठवत असणार. मी इतकंच म्हटलं, "डाव्या हाताला बसव हँडल. जो मूळचा आहे तो जीव लावून उठेल."

दादाला मात्र सुगावा लागला. कान शाबूत आहेत म्हटलं ना. अंग पुसत बाहेर आला तो थेट फोनवर. "डाव्या हाताला? जीव वाचवायचा तो डाव्या हाताने? ज्या हाताने धुतात त्या हाताने?"

"बाबा, गती उजव्या अंगठ्यात असते..."

"गती गेली चुलीत. मी देवाला विचारतो."

आणि खरंच गेला. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला ओले तांदूळ चिकटवतो, प्रश्न विचारतो. उजवीकडचे आधी पडले की देवाचा होकार, डावीकडचे पडले की नकार. कुणी लग्नासाठी विचारतो, कुणी विहिरीसाठी, कुणी मुंबईच्या खोलीसाठी. बर्फातल्या सॅकेसाठी विचारणारा पहिलाच. मीही गेले मागोमाग, काय करतो बघू म्हणून.

गुरवाने डोकं खाजवलं. "खोत, देवाला कुठचा हात असं विचारता येत नाही. हो की नाही असं विचारा."

"मग विचार. अवधूत उजव्या हाताने वाचेल काय?"

तांदूळ लावले. देऊळ गार, खांबावर दिव्याची काजळी, बाहेर कुठेतरी कोकीळ खोटं ओरडत होती, तिचा हंगाम नसताना. उजवीकडचा दाणा सुटला आणि पायरीवर पडला.

"झालं!" दादा म्हणाला.

"आता डाव्याचंही विचार," मी म्हटलं. "डाव्या हाताने वाचेल काय, ते."

गुरवाने दादाकडे बघितलं. दादा एव्हाना बाहेर जाऊन चप्पल घालत होता. "डाव्याचं देवाला काय विचारायचं?" म्हणाला. "देवाने चपराक मारली पाहिजे तुझ्या तोंडावर."

म्हणजे बघा, देवालाही एकच बाजू विचारली. दोन्ही विचारल्या असत्या तर देव कदाचित दोन्हीला हो म्हणाला असता. पण आमच्या घरात असा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

अवधूतने हँडल डाव्या हाताला बसवलं. बापाचं पहिल्यांदा ऐकलं नाही. लाल सॅक, लहान, पंख्याची. मला रोज फोटो यायचा हलता. घरात उभा राहून, डोळे मिटून, तो डाव्या हाताने ओढायचा, आणि मागून फुगा यायचा भस्सकन, डोक्यापेक्षा मोठा, लालभडक. त्याच्या चेहऱ्यावर असं काही दिसायचं, की मी दादाला वाढायचं विसरायचे. तो तिशी ओलांडलेला माणूस, पण तो पाळण्यातला हात मला परत दिसत होता, बांगडीला घट्ट. एकदा म्हणाला, "आत्ये, उठतो गो! पहिल्या दिवशी जड वाटायचा. आता टाळीबरोबर उठतो." दादा खुर्चीतून म्हणाला, "खेळा, खेळा." पण त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला नाही. त्यालाही बघायचं होतं.

माघ संपता संपता फोन आला तो अवधूतचा नव्हता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाचातरी, इंग्रजीत. शेजारच्या मुलीने ऐकून सांगितलं. वर स्कूटर आणायला गेले होते, उतार सुटला. अवधूत खाली वाहून गेला. फुगा उघडला होता. डोकं आणि एक खांदा बर्फाच्या वर होता, म्हणून मागच्या माणसाला दिसला. बरगड्या मोडल्यात, पण आहे. हॉस्पिटलात आहे.

आहे म्हणाली ती मुलगी, आणि दादा खाली बसला. पडवीच्या जमिनीवर, जिथे होता तिथेच. थोड्या वेळाने त्याने पहिला प्रश्न विचारला. बरगड्या किती मोडल्या, हे नाही. दुखतंय का, हे नाही.

"कुठच्या हाताने ओढलंन?"

पोरीला काय ठाऊक. ती म्हणाली, विचारते. अवधूत बोलायला लागला तेव्हा दादाने त्याला स्वतः विचारलं, तीन वेळा. अवधूत म्हणाला, "आठवत नाही, बाबा."

पण दादाला पुरलं. कौल होताच. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, केस कापायला गेला तिथे, सगळीकडे त्याने सांगितलं. "पोराचा हात मी बांधला म्हणून आज पोरगं आहे. तेव्हा सगळे बोलत होते, आमची कुंदा तर सर्वांत जास्त. उजव्या हाताने ओढलंन. देवाने आधीच सांगितलं होतं." लोक माना हलवायचे. त्याच त्या माना.

मला अवधूतचा फोन नंतर आला, मी माझ्या घरी एकटी असताना. भिंतीला टेकून बसला होता, छातीला पट्टा.

"उजव्या हाताने ओढलं, आत्ये," तो म्हणाला.

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हँडल उजव्याने ओढायच्या जागी नव्हतंच. मनगट असं मोडून, उलटा हात करून, कसंबसं अडकवलं आणि ओढलं. दोन-तीन क्षण वाया गेले. ते गेले नसते तर बरगड्या राहिल्या असत्या, असं डॉक्टर म्हणतो."

"आणि डावा?" मी विचारलं. "रोज उठत होता ना?"

तो हसला नाही. हे मी मुद्दाम सांगते, की तो हसला नाही.

"डावा उठला नाही. उतार फुटल्याचा आवाज आला, आणि डावा हात मागे गेला. कमरेपाशी. पाठीवर. आपण होऊन, आत्ये. कुणी बांधल्यासारखा. बर्फातून काढलं तेव्हाही तो तिथेच होता."

बाहेर फवारणी चालू असावी, कारण औषधाचा कडू वास आठवतो. मी म्हटलं, "अवधू..."

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला. "डाव्याचं सांगितलंस तरी त्यांना फक्त उजवा ऐकू येईल."

वर्ष होत आलं. मोहोर परत आला, आणि दादाच्या छातीत घरघर आली, आणि माणूस खाटेला पडला की त्याचं गावभर सांगितलेलं त्याला पुरेनासं होतं. मान हलवणारे भेटायला येतात, संत्री ठेवून जातात, आणि ते गेले की तो माझ्याकडे बघतो. बाजाराला सांगून झालं. आता त्याला एका माणसाकडून हवंय, आणि तो माणूस फोनवर "काळजी घ्या, बाबा" एवढंच म्हणतो. कौलावर त्याचा आता तितका विश्वास राहिला नाही असं मला वाटतं. मधे एकदा पुटपुटला, "डाव्याचं विचारायला हवं होतं काय गो?" मी ऐकलं नाही असं केलं.

मी सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. एकच शब्द. "उजव्याने." तेवढ्यावर तो डोळे मिटेल, सुखाने, माझ्या वहिनीला जे कधी मिळालं नाही त्या सुखाने. पूर्ण आयुष्य बरोबर होऊन जाईल. पट्टी बरोबर, पायरीवरचा दात बरोबर, जमिनीवरची शितं बरोबर. आणि मी डाव्या हाताचं पुढे कितीही सांगितलं तरी तोवर तो गेलेला असेल. घरघर चालू असली तरी.

गावातल्या एकीला मी हे बोलले. ती म्हणाली, "मरणाऱ्याला काय गं, देऊन टाक. मन मोठं कर." मन मोठं करायला मला कुणी शिकवू नये. त्याचं हगणंमुतणं मी काढते, त्याची पाठ पुसते, खोकला आला की उचलून बसवते आणि त्याचं हाडकुळं डोकं माझ्या खांद्यावर पडतं, लहान असताना मी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली तेव्हा माझं पडत असेल तसं. माया मला आहे. माया आहे म्हणून शब्द द्यायलाच हवा असं कुठे आहे? माया तर त्यालाही होती, त्या सकाळी अंगणात. मी पाहिली आहे.

हे लिहिलेलं कुणी त्याला वाचून दाखवेल ही भीती नाही. बायकांनी लिहायचं ते लोणच्याच्या बरणीवरच्या कागदावर, कैरी की लिंबू, असं त्याचं मत. माझं छापून आलेलं त्याने कधी ऐकून घेतलं नाही. ह्या एका बाबतीत त्याच्या वळणाचे उपकार.

आज सकाळी पेज घेऊन गेले तर तो जागा होता. थंडी बरीच होती, खिडकीतून मोहोराचा वास आत येत होता, आणि त्याने नाक वर करून तो घेतला. म्हणाला, "यंदा धरलाय चांगला."

"धरलाय."

"ताण बसलाय बरोबर."

मी चमचा ढवळला. वाफ गेली तरी ढवळत राहिले.

"कुंदे, तुला त्याने सांगितलंन. मला माहीत आहे. तुला सगळं सांगतो तो."

"काय?"

"काय काय! कुठच्या हाताने ओढलंन ते."

"आठवत नाही म्हणतो तो."

"जीव वाचला न् आठवत नाही?" त्याला धाप लागली. मी थांबले. धाप ओसरली, मग तो हळू आवाजात, मी त्याच्याकडून आयुष्यात न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "उजव्याने ना गो? नुसती मान हलव. बोलू नकोस वाटलं तर. नुसती मान."

त्याचे डोळे माझ्या मानेवर होते. मी मान अगदी स्थिर धरली, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी, आणि चमचा त्याच्या ओठांशी नेला.

"आ कर," मी म्हटलं. "गार होतेय."